खुद्री मासा आणि आपल्या नद्या

नांदगांव खंडेश्वर येथील खंडेश्वराच्या प्राचीन देवालयांत यादव राजा कृष्ण याच्या कारकीर्दींतील, शके ११७७ चा, शिलालेख आहे. त्या गोष्टीस आतां सातशें सत्तर वर्षें होत आलीं. देवास कोणीं काय अर्पण केलें, कोणत्या जमिनीचें उत्पन्न कोणत्या कार्याकडे लावून दिलें, हें त्या काळचे लोक दगडांत कोरून ठेवीत. कारण एकदां दिलेलें दान पुढल्या पिढ्यांनीं बुडवूं नये, याची त्यांना काळजी असे. परंतु ज्या नद्यांच्या आश्रयानें हीं गांवें वसलीं, त्यांच्या डोहांचा किंवा त्या डोहांतील जीवांचा लेख कोणी कोरून ठेवीत नसे. नदी कोठें जाणार आहे, असें त्यांना वाटलें असल्यास त्यांत नवल नाहीं. आपल्याला तसें वाटून घेण्याची सोय राहिलेली नाहीं.

हा विषय सुचण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. गेल्या पावसाळ्यापूर्वीं आमच्या भागांतील कांहीं उत्साही सद्गृहस्थ एकत्र जमले आणि त्यांनीं असा बेत केला कीं, आपल्या तालुक्यांतून वाहणाऱ्या बेंबळा नदींत महासीर माशाचें बीज आणून सोडावें. महासीर हा आपल्या नद्यांतील माशांचा राजा. तो दुर्मिळ होत चालला आहे. तेव्हां त्याच्या रक्षणाचें पुण्य आपल्या गांवानेंहि पदरीं पाडून घ्यावें, असा त्यांचा शुद्ध हेतु होता. सभेचें अध्यक्षस्थान मजकडे आलें. अध्यक्षानें करावयाचें तें मीं केलें. बेताची वाखाणणी केली, दोन संस्कृत वचनें म्हटलीं आणि वर्गणीच्या यादींत स्वतःचें नांव घातलें. सभा उठतांना मागें उभा असलेला एक वृद्ध भोई पुढें येऊन म्हणाला, "मास्तर, मासे तं तुमी सोडसान, पन चैत-बैसाखात थे राहतीन कोठी? डोव तं सारे बुजले."

या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं नव्हतें. तें शोधण्याकरितां महासीराच्या रक्षणाचा इतिहास चाळूं लागलों, तेव्हां दिसून आलें कीं, म्हाताऱ्याचा प्रश्न नवा नाहीं. गेल्या दीडशें वर्षांत तो अनेक ठिकाणीं विचारला जावयास हवा होता. जेथें तो विचारला गेला नाहीं तेथें पैसा, श्रम आणि सद्भावना हीं तिन्ही खर्चूनहि हानि झाली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या सभेंतील माझ्या भाषणाचें दुरुस्तीपत्रक आहे, असें समजावें.

माशांना अभय देण्याची कल्पना आपल्या देशांत फार जुनी आहे. अशोकानें राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षीं कोरविलेल्या पांचव्या स्तंभलेखांत अवध्य प्राण्यांची यादी दिली असून तींत माशांच्याहि जाती आहेत; शिवाय चातुर्मासीच्या पौर्णिमांस व इतर ठराविक तिथींस मासे मारूं नयेत आणि विकूंहि नयेत, असें फर्माविलें आहे. दक्षिणेंत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत 'मत्स्यविनोद' नांवाचें प्रकरण आहे. त्यांत माशांच्या जाती, त्यांना घालावयाचें खाद्य आणि गळानें त्यांना पकडण्याची रीत सांगितली आहे. राजाचा तो खेळ होता हें खरें. परंतु खेळासाठीं कां होईना, माशाची राहणी आधीं जाणून घेतली पाहिजे, हें त्या राजास कळलें होतें.

राजाज्ञेपेक्षां अधिक टिकाऊ ठरली ती देवाची आण. इंद्रायणीच्या कांठीं देहू व आळंदी येथील डोहांतले मासे मारावयाचे नाहींत, असा पूर्वापार प्रघात आहे. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडीं वरदायिनी देवीच्या सान्निध्यांत, आणि वाडा तालुक्यांत वैतरणेवर तिळसें येथें महादेवाच्या देवळापाशीं, महासीर मासे भाविकांच्या हातचें खाद्य खात निर्भयपणें वावरतात. या प्रथेंतील मर्म आपण सहसा लक्षांत घेत नाहीं. देवाच्या नांवानें राखला जातो तो एखाददुसरा मासा नव्हे. राखला जातो तो डोह, म्हणजे माशाचें घर. उन्हाळ्यांत प्रवाह तुटतो तेव्हां ज्या खोल पाण्यांत मासे तग धरून राहतात, नेमकी तीच जागा आपल्या पूर्वजांनीं देवाच्या स्वाधीन केली. मात्र या अभयास मर्यादाहि आहे. देवाची आण गळ आणि जाळें अडवूं शकते. वरच्या अंगाला बांधलेलें धरण किंवा शहराचें सांडपाणी तिला जुमानीत नाहीं. आळंदीस इंद्रायणीच्या पात्रावर पांढऱ्या फेंसाचे थर तरंगतांना ज्या वारकऱ्यांनीं पाहिले आहेत, त्यांना हें अधिक सांगावयास नको.

आधुनिक शास्त्राच्या दृष्टीस दख्खनचा महासीर पडला तो पुण्याजवळ. मुंबई सरकारनें दख्खनची पाहणी करण्याकरितां नेमलेला विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी १८३१ पर्यंत या प्रांतांत होता. पुढें तो ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकमंडळाचा अध्यक्षहि झाला. दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रमंडळापुढें वाचला गेला, आणि १८३९ सालीं मुळामुठेंतील महासीरास 'खुद्री' हें शास्त्रीय नांव मिळालें. आज जगांतील मत्स्यशास्त्रज्ञ ज्याला 'टॉर खुद्री' म्हणतात तो हाच. या निबंधांत मराठी वाचकास मौज वाटावी अशी एक गोष्ट आहे. साइक्सनें बहुतेक नांवें नदीकांठच्या लोकांच्या तोंडून ऐकून घेतलीं व तींच लॅटिन नामावलींत घातलीं. खुद्री, मुसुल्ला, कोलस, नुक्ता, मुल्या, सींगटी, ताकरी हीं आपल्या भोयांचीं नांवें, उच्चारांत थोडीं मोडलेलीं, पण ओळखूं येण्याजोगीं, आज पृथ्वीवरील सर्व विद्यापीठांच्या ग्रंथांत आहेत. ज्यांच्या ज्ञानावर हें शास्त्र उभें राहिलें त्यांचीं स्वतःचीं नांवें मात्र कोणीं लिहून घेतलीं नाहींत. आमच्या सभेंतहि त्या भोयास व्यासपीठावर खुर्ची नव्हती, हें येथें सांगून टाकतों.

नदी अडविली म्हणजे माशाचें काय होतें, हा प्रश्न प्रथम उपस्थित करणारा मनुष्य स्वतः धरणें बांधणारा होता. गोदावरीवर धवलेश्वरम् येथें मोठा बंधारा बांधणाऱ्या सर आर्थर कॉटननें १८६७ सालीं भारतमंत्र्यांचें लक्ष याकडे वेधलें कीं, आपल्या बंधाऱ्यांमुळें मत्स्यसंपत्तीची हानि होण्याचा संभव आहे. चौकशीचें काम मद्रासकडील सैन्यांतला वैद्य फ्रॅन्सिस डे याजकडे आलें. समुद्रांतून अंडीं घालण्याकरितां नदींत चढणारे मासे बंधाऱ्याच्या पायथ्याशीं येऊन अडतात, वर जाण्यासाठीं धडपडतात, आणि त्याच जागीं त्यांची सहज कत्तल होते, हा प्रकार त्यानें उजेडांत आणिला. १८७३ सालीं हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील गोड्या पाण्यांतील माशांविषयींचा त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानंतर चोवीस वर्षांनीं, १८९७ सालीं, हिंदुस्थानचा मत्स्यविषयक कायदा संमत झाला. पाण्यांत सुरुंग उडविणें व विष कालवणें हे गुन्हे ठरले. जाळ्याच्या आसांचें माप ठरविण्याचा आणि कांहीं काळ मासेमारी बंद ठेवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस मिळाला. कायदा चांगला होता. पण त्याचा सारा रोंख मासे मारणारावर होता. नदीचा प्रवाहच नाहींसा झाला तर कोणाला जबाबदार धरावें, यासंबंधीं त्यांत कांहीं नव्हतें. परिणाम व्हावयाचा तो झाला. १९३४ सालीं कावेरीवर मेट्टूरचें धरण पुरें झालें आणि वरच्या भागांत जाणारी हिलसा माशाची वाट बंद झाली. १९७५ सालीं फराक्का येथें गंगेवर बांध सुरू झाल्यावर तोच प्रकार गंगेंत घडला. गरीब भोयानें गेळाचें फळ ठेंचून डबक्यांत टाकलें तर तो गुन्हेगार. सबंध नदी अडली तर ती प्रगति. ही विषमता त्या कायद्यानें दूर केली नाहीं.

आतां आपल्या प्रांतांत येऊं. लोणावळ्याच्या परिसरांत इंद्रायणीच्या उगमप्रदेशांत टाटांनीं वळवण येथें व आसपास धरणें बांधलीं आणि १९१५ सालीं खोपोलीच्या विद्युद्गृहांतून मुंबईस वीज मिळूं लागली. जें पाणी पूर्वेस वाहून भीमा-कृष्णेस मिळावयाचें, तें आतां घाटाखालीं पश्चिमेस उतरूं लागलें. तलावांत राहिलेल्या महासीरांची संख्या पुढें घटत गेली, तेव्हां त्यांची पैदास हातानें करावी, असा विचार निघाला. महाराष्ट्र सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले डॉ. चंद्रशेखर विष्णु कुलकर्णी यांनीं १९७० च्या सुमारास लोणावळ्यास या माशाच्या विणीचा बारकाईनें अभ्यास केला. पुढें त्यांनीं व टाटांच्या मत्स्यकेंद्राचे शशांक ओगले यांनीं मिळून वळवण येथें महासीराचें बीज तयार करण्याची पद्धति बसविली.

या कामाचें स्वरूप समजल्याशिवाय त्याचें महत्त्व कळणार नाहीं. महासीर पावसाळ्यांत चढत्या पाण्याबरोबर वर जातो व स्वच्छ, खेळत्या, थंड पाण्यांत, वाळू-गोट्यांच्या थरावर अंडीं घालतो. अंडीं मोठीं असतात, पण इतर कार्पवर्गीय माशांच्या मानानें थोडीं. तीं तळाशीं बसतात आणि गोट्यांच्या फटींत दडून तीन-चार दिवसांनीं उबतात. पाणी गढूळ होऊन गाळ बसला, किंवा गोटे-वाळूच उपसून नेली, कीं सारी वीण गुदमरून जाते. वळवण येथें प्रौढ मासे धरून मादीच्या पोटावर हळुवार हात फिरवीत अंडीं काढीत, त्यांवर नराचें रेत मिसळीत आणि वाहत्या पाण्याच्या ताटांत तीं उबवीत. हीं अंडीं पाण्याशिवाय, केवळ ओल्या कापसांत गुंडाळून, दूरवर पाठवितां येतात, असाहि शोध कुलकर्णी-ओगले यांनीं लाविला. कापसाच्या मुलुखांत राहणाऱ्या मला या गोष्टीचें विशेष कौतुक वाटलें. वळवणचीं लाखो बोटुकलीं निरनिराळ्या प्रांतांतील नद्यांत व तलावांत सोडण्यांत आलीं. ज्या काळीं सरकारी मत्स्यव्यवसायाचें सारें लक्ष कटला-रोहूच्या उत्पन्नाकडे होतें, त्या काळीं एका देशी, जंगली माशासाठीं एवढे श्रम घेणें ही सामान्य गोष्ट नव्हे. या पुरुषांविषयीं आदर बाळगूनच पुढील हकीकत सांगितली पाहिजे.

वळवणच्या बोटुकलींपैकीं कांहीं १९७० नंतरच्या दशकांत कर्नाटकांत कावेरीस पोंचलीं. कावेरींत तिचा स्वतःचा महासीर होता. पाठीला उंच कुबड असलेला, नारिंगी परांचा हा मासा महासीरांत सर्वांत मोठा. १९४६ सालीं व्हॅन इंगन नांवाच्या गळकऱ्यानें काबिनी नदींत १२० पौंडांचा महासीर धरला होता. कावेरीच्या खोऱ्याबाहेर हा कुबडा मासा जगांत कोठेंहि सांपडत नाहीं. तो कमी होऊं लागला म्हणून दुसरे महासीर आणून सोडले. महासीर तो महासीर, असा साधा हिशेब होता. पुढें शास्त्रज्ञांनीं गळकऱ्यांच्या छावण्यांतील १९९८ ते २०१२ पर्यंतच्या नोंदी तपासल्या. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांतून दिसून आलें कीं, बाहेरून आणलेला निळसर परांचा मासा सारखा वाढत गेला, आणि कुबडा मासा संख्येनें घटत व वजनानें वाढत गेला. संख्या घटते आणि वजन वाढतें, याचा अर्थ म्हातारे तेवढे उरले, नवी प्रजा येईनाशी झाली. कुबड्या माशाच्या ऱ्हासास धरणें, सुरुंग, वाळूउपसा हींहि कारणें आहेत. सर्व खापर बीजावर फोडणें अन्यायाचें होईल. तथापि, ज्या घरांत जागा आधींच अपुरी आहे त्यांत पाहुणे आणून बसविल्यानें घरधन्याचें रक्षण होत नसतें, एवढें तरी त्यावरून सिद्ध होतें.

या कथेंतील सर्वांत उद्बोधक भाग निराळाच आहे. एवढा प्रसिद्ध मासा. त्याच्या शिकारीचीं वर्णनें दीडशें वर्षें छापलीं गेलीं. परंतु त्याला निश्चित शास्त्रीय नांव मिळालें तें २०१८ सालीं. केरळांतील पांबार नदींतून २००७ सालीं वर्णिलेला 'टॉर रेमादेवी' तो हाच, असें त्या वर्षीं ठरलें, आणि लागलीच निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघानें त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत केली. तोंवर तो कोणत्याच यादींत नव्हता. उलट ज्या खुद्रीसाठीं हा खटाटोप झाला, तो पूर्वीं संकटग्रस्तांत होता, त्याला त्याच संघानें पुढें कमी काळजीच्या वर्गांत घातलें. कोणता मासा कोणत्या नदीचा, हें ठरण्यापूर्वींच आपण त्यांना वांचविण्यास निघालों होतों.

मग करावें काय? परदेशांतील एक उदाहरण येथें उपयोगीं पडेल. अमेरिकेंत मेन संस्थानांतील केनेबेक नदीवर १८३७ सालीं एडवर्ड्स नांवाचें धरण झालें आणि समुद्रांतून वर येणाऱ्या माशांचा मार्ग दीडशें वर्षांहून अधिक काळ बंद राहिला. धरणाच्या परवान्याची मुदत संपली तेव्हां मत्स्यप्रेमी संस्थांनीं एकत्र येऊन नव्या परवान्यास हरकत घेतली. धरणापासून मिळणारी वीज थोडी होती. नदी मोकळी झाल्यास मिळणारा लाभ तिच्याहून मोठा आहे, असा निर्णय तेथील मध्यवर्ती नियामक मंडळानें १९९७ सालीं दिला, आणि १९९९ सालीं धरण फोडण्यांत आलें. त्यानंतर कांहीं वर्षांतच नदींत चढणाऱ्या माशांची संख्या लाखांनीं मोजूं लागले. हें वाचून आपल्याकडील धरणें फोडावीं, असें कोणी म्हणेल तर तो वेडेपणा ठरेल. तेथील नदी बारमाही, आपली पावसाळी. तेथील धरण चार दिव्यांच्या विजेसाठीं, आपल्या धरणावर शेतकऱ्याचें पीक आणि गांवांचें पिण्याचें पाणी अवलंबून. घ्यावयाचा धडा वेगळा आहे. तेथें वीज, मासे, मालकी आणि लोकांचा हक्क यांचा हिशेब एकाच टेबलावर, एकाच वेळीं, मांडला गेला. आपल्याकडे असा हिशेब मांडण्याचें टेबलच नाहीं.

वऱ्हाडच्या नद्यांचा प्रश्न या दृष्टीनें पाहावा. सातपुड्यांत मुलताईच्या परिसरांत तापी उगवते आणि तेथून जवळच वर्धाहि उगवते. एक पश्चिमेस अरबी समुद्राला जाते; दुसरी वैनगंगेशीं मिळून प्राणहिता होऊन गोदावरीमार्गें पूर्वसमुद्राला जाते. आमच्या एका अमरावती जिल्ह्यांत दोन्ही खोरीं आहेत. पूर्णेचें पाणी तापीस मिळतें. बेंबळेचें पाणी वर्धेस. माणसाला ही सीमा जाणवत नाहीं. मोटार अर्ध्या तासांत ती ओलांडते. माशाला मात्र ती समुद्राएवढी आहे. सातपुड्याच्या पश्चिमवाहिनी नद्यांतील, विशेषतः नर्मदेंतील, महासीर 'टॉर टॉर' या निराळ्या जातीचा आहे. तेव्हां बेंबळेंत कोठलें बीज सोडावयाचें, हा प्रश्न वर्गणी जमविण्यापूर्वीं विचारावयाचा होता. हा मासा येथें कधीं होता काय, हें त्याच्याहि आधीं. आमच्या सभेंत दोहोंपैकीं एकहि प्रश्न निघाला नाहीं.

म्हाताऱ्याचा तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण त्याचें उत्तर कोणा एकाच्या हातीं नाहीं. आमच्या नद्या चैत्रांत वाहत नाहींत. त्या डोहांची माळ होऊन राहतात. डोह टिकला तर मासा टिकतो. डोहांतलें पाणी मोटारपंपानें उपसलें जातें; ती गोष्ट वीजमंडळ आणि शेतकरी यांच्यामधली. वाळू जाते ती महसूल खात्याच्या लिलावांतून, आणि रात्रीं लिलावाशिवायहि. नदीचें 'खोलीकरण' होतें तेव्हां यंत्रें पात्राला सारख्या खोलीचा चर करून टाकतात. पाणी दोन महिने अधिक दिसतें हें खरें, पण उथळ खळाळ, गोट्यांचा तळ आणि खोल डोह हा जो चढउतार माशाला हवा, तो सपाट होतो. पावसाळ्यांत कपाशीच्या रानांतून फवारणीचें औषध ओढ्यांत उतरतें. एंडोसल्फानसारखें औषध, ज्याचा थोडा अंशहि माशांना घातक, २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बंद करीपर्यंत सर्रास विकलें जात होतें. खालच्या अंगाला, यवतमाळ जिल्ह्यांत खडकसावंग्यापाशीं, बेंबळा प्रकल्पाचें धरण आहे. त्याचे दरवाजे जलसंपदा विभागाच्या ताब्यांत. जलाशयांतील मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागामार्फत सहकारी संस्थांना. आणि ठेका घेतलेला भोई उत्पन्नासाठीं कटला-रोहूचें बीज सोडणार, हें क्रमप्राप्तच आहे. त्याच्या पोटाचा तो प्रश्न आहे. प्रत्येक खातें आपलें काम नियमानें करीत असतें. नदी एवढीच कोणाच्या कामांत बसत नाहीं.

तेव्हां योजना करावयाची तर तिचा क्रम आमच्या सभेनें ठरविला त्याच्या अगदीं उलट असला पाहिजे. पहिल्या वर्षीं एकहि मासा सोडूं नये. वृद्ध भोयांना बोलावून गांवोगांवच्या डोहांचीं नांवें, त्यांची पूर्वींची खोली, त्यांत मिळणारे मासे, हीं सर्व लिहून घ्यावीं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानें प्रत्येक ग्रामपंचायतीस समिति नेमून अशी नोंदवही ठेवण्यास सांगितलेंच आहे. ती कपाटांतून बाहेर काढली म्हणजे झालें. राज्य सरकारनें २०२२ सालीं मंजूर केलेल्या 'महाराष्ट्र जनुक कोष' प्रकल्पांत गोड्या पाण्यांतील जीवसृष्टीचाहि अंतर्भाव आहे. त्या कामास आमच्या महाविद्यालयांनीं हातभार लावावा. दुसऱ्या वर्षीं तालुक्यांतले चार-पांच डोह निवडावेत व ते देहू-वाळणकोंडाप्रमाणें अभय मानावेत. तेथें उन्हाळ्यांत पंप नाहीं, वाळूउपसा नाहीं, विष नाहीं. त्याकरितां ज्या शेतकऱ्याचा पंप बंद होणार त्याला दुसरीकडून पाणी मिळालें पाहिजे, आणि ज्या भोयाचें जाळें थांबणार त्याला उत्पन्नाची दुसरी सोय. नाहींतर अभयाचा भार नेहमींप्रमाणें गरिबावर पडेल. तिसऱ्या वर्षीं जलसंपदा, महसूल, कृषि, मत्स्यव्यवसाय या खात्यांचे अधिकारी आणि भोई संस्थांचे प्रतिनिधि यांनीं पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर एकेकदां एकत्र बसून त्या नोंदवहीचीं पानें चाळावीं. हें सारें झाल्यावर, डोहांत पाणी टिकूं लागल्यावर, वरून-खालून येणारे मासे आपोआप तेथें राहूं लागतील. इतकें करूनहि एखादी येथलीच जात परत येऊं शकली नाहीं, तर त्याच खोऱ्यांतील प्रौढ माशांपासून तयार केलेलें बीज सोडावें. कुलकर्णी-ओगले यांची विद्या तेव्हां खऱ्या अर्थानें उपयोगीं पडेल.

या योजनेंत समारंभास फारसा वाव नाहीं, हा तिचा दोष मला मान्य आहे. नदींत बोटुकलीं सोडतांना छायाचित्र निघतें. डोहांतला पंप काढून घेतल्याचें निघत नाहीं. परंतु फ्रेझरनें १९४२ सालीं पुण्याच्या माशांची जी यादी छापली, तींतल्या कित्येक जाती नंतरच्या अभ्यासकांना मुळामुठेंत मिळाल्या नाहींत. साइक्सनें भोयाच्या तोंडून उचललेलें 'नुक्ता' हें नांव ग्रंथांत सुरक्षित आहे. तो नकट्या तोंडाचा मासा संकटग्रस्तांच्या यादींत आहे. नांव राहावें आणि मासा जावा, ही गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे.

आमच्या सभेची पुढील बैठक दिवाळीनंतर आहे. वर्गणीचे पैसे अजून खर्च झालेले नाहींत. तेथें मीं दोन सूचना मांडावयाचें ठरविलें आहे. पहिली, त्या पैशांतून आधीं डोहांची नोंदवही करावी. दुसरी, अध्यक्षस्थान मला न देतां त्या वृद्ध भोयास द्यावें. पहिली सूचना संमत होईल असें वाटतें. दुसरीविषयीं मला तितकासा भरंवसा नाहीं; पण ती मांडल्याशिवाय मी राहणार नाहीं.